तीन लाइफ, पाच रुपये तास आणि आपल्या वाडीची गंजिफा



ट्रेनिंग संपत येतं, चहाचे कप गोळा व्हायला लागतात, आणि कोणी ना कोणी जवळ येऊन हळूच विचारतं, "सर, एक पर्सनल विचारू का? पोरगा सुट्टीत दिवसभर मोबाइलवर गेम खेळतो हो. काय करू?" आता गंमत बघा. हा प्रश्न विचारणाऱ्याने तासाभरापूर्वी भर वर्गात उठून सांगितलेलं असतं की नोकरी सोडताना हातात येणारी सगळीच्या सगळी रक्कम तो एका दुकानात घालणार आहे. डिपॉझिट, फर्निचर, माल, उद्घाटनाचा मंडप, सगळं एकदम. पोरगा गेममधून काय शिकतोय याची बापाला काळजी. पण बापाला आत्ता जे माहीत असायला हवं, ते जुन्या गेममध्ये पहिल्याच मिनिटाला कळायचं: हातात लाइफ किती आहेत ते आधी बघ.

म्हणून आज आपण व्हिडिओ गेमबद्दल बोलू. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं बालपण १९९० च्या दशकातलं आहे. तुम्ही मारिओ खेळलायत, कॉन्ट्रा खेळलायत. त्यातून काय मिळालं ते जरा धंद्याच्या नजरेने तपासू. आणि मग आज आपल्या मुलांच्या हातात जे आहे, त्यातून तेच मिळतं का, तेही बघू.

चाकरमान्याच्या पिशवीतला डबा

सावंतवाडीत व्हिडिओ गेम आला तो गणपतीला. म्हणजे आमच्या आळीत तरी. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, त्याच्या आधीची गोष्ट. मुंबईचे चाकरमानी एसटीने नाहीतर लक्झरीने रात्रभर हाडं खिळखिळी करत यायचे आणि त्यांच्या पिशवीतून फरसाण, फटाके आणि एखाद्या वर्षी हा डबा निघायचा. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, गेमची खुपसायची, चॅनल जुळवत बसायचं. कॅसेट चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने खरंच काही व्हायचं की नुसतं काढून पुन्हा लावल्याने व्हायचं, यावर आमच्यात दोन पक्ष होते.

मूळ डबा जपानचा. निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ ला 'फॅमिकॉम' बाजारात आणला. आपल्या घरांत आले ते बहुतेक सगळे त्याचे डुप्लिकेट, वेगवेगळ्या नावांचे. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९९९९ इन १'. नव्व्याण्णव लाख गेम! लावून बघितलं की कळायचं, गेम सात-आठच आहेत, तेच नाव बदलून, कुठे रंग बदलून, कुठे थेट तिसऱ्या लेव्हलपासून, पुन्हा पुन्हा लावलेत. दहा वर्षांच्या पोराला लेबल आणि माल यातला फरक यापेक्षा चांगला कोणी शिकवला असेल असं मला वाटत नाही. पुढच्या वेळी आम्ही दुकानदाराला सांगायचो, "आधी लावून दाखवा." आज तुम्ही पाकिटावर 'शंभर टक्के शुद्ध, घरगुती, पारंपरिक' छापता ना, तेव्हा समोर असलेला तीस-पस्तिशीचा कस्टमर ही नव्व्याण्णव लाखवाली कॅसेट विकत घेऊन मोठा झालाय, हे ध्यानात ठेवा.

पण घरोघरी डबा नव्हता. त्यामुळे आली भाड्याची दुकानं. पाच रुपये तास. आमच्या इथले काका, मूळचं दुकान झेरॉक्स आणि एसटीडीचं, मागच्या खोलीत दोन टीव्ही लावून बसले होते. तास भरला की आतून आवाज यायचा, "झिला, तास झालो. ऊठ आता, नायतर आणखी पाच रुपये काढ."

या धंद्याचं गणित मला आजही वर्गात फळ्यावर मांडायला आवडतं. दोन टीव्ही, दिवसाचे धरा दहा तास. म्हणजे विकायला माल किती? वीस तास. पाच रुपयांनी सगळे तास विकले गेले तरी शंभर रुपये. त्याच्या वर एक पैसा नाही. आणि जो तास रिकामा गेला तो गेला, उद्या विकायला मिळत नाही. सलून, टेम्पो, होमस्टे, शिकवणी, सगळे याच जातीचे धंदे आहेत. काकांनी दोन गोष्टी केल्या. भर दुपारी, जेव्हा वाडी झोपते, तेव्हा अडीच रुपये तास. आणि टीव्हीच्या बाजूला चिकीची बरणी आणि पेप्सीकोल्याच्या नळ्या. तासाच्या कमाईला छप्पर होतं, चिकीच्या कमाईला नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात मोठी वाटते. लाइट जायची. पावसाळ्यात तर विचारूच नका. लाइट गेली की काका घड्याळ बघून वहीत लिहायचे: अमक्याची पंधरा मिनिटं शिल्लक. दुसऱ्या दिवशी ती मिनिटं मिळायची. लाइट काकांनी घालवली नव्हती, नुकसान त्यांचंही होत होतं. पण पोरांच्या पाच रुपयांचा हिशोब त्या वहीत होता, म्हणून पोरं दुसऱ्या दुकानात गेली नाहीत.

पाच रुपयेही एकट्याकडे नसायचे. तिघांत मिळून पाच. मग नियम ठरवायचा. पहिला नियम, 'मेला की उठायचं'. तो लगेच मोडीत निघाला, कारण ज्याला चांगलं खेळता यायचं तो उठायचाच नाही आणि दोन रुपये देणारा कडेला बसून बघायचा. मग 'एक लेव्हल, एक जण'. तेही जमेना. शेवटी ज्याने जितके पैसे दिले तितकी मिनिटं, आणि घड्याळ तिसऱ्याच्या हातात. हे भागीदारीचं करारपत्रच होतं हो, फक्त स्टॅम्पपेपरवर नव्हतं. मोठी माणसं मात्र मित्राबरोबर दुकान टाकताना म्हणतात, "आमच्यात काय लिहायचं, आम्ही भावासारखे!"

तीन लाइफ

आता मुद्द्याकडे येऊ. कॉन्ट्रा. कोनामी कंपनीचा १९८७ चा गेम, घरच्या डब्यावर १९८८ ला आला. एक गोळी लागली की मेलात. आणि सुरुवातीला लाइफ तीन.

तीन लाइफ दिल्यावर दहा वर्षांचं पोर काय करतं, आठवून बघा. पहिली लाइफ धावत सुटण्यात जाते. दुसऱ्या लाइफला ते थांबतं. कुठून गोळी येते, किती वेळाने येते, कुठल्या कोपऱ्यात उभं राहिलं तर लागत नाही, हे बघतं. तिसरी लाइफ जपून खेळतं. आणि तिन्ही गेल्या तरी पुन्हा बसतं तेव्हा पहिली स्क्रीन त्याला पाठ असते. म्हणजे पहिली लाइफ ही माहिती विकत घेण्याची किंमत होती. स्वस्तात मिळालेली माहिती.

धंद्यात हे कसं करायचं? समजा, तुमच्याकडे तीन लाख आहेत आणि तुम्हाला कोकम सरबत आणि आगळ बाटलीत भरून विकायचंय. आपल्याकडे नेहमी दिसतं ते असं: दोन लाखाचं मशीन आणि गाळा, साठ हजाराच्या बाटल्या आणि लेबलं, उरलेल्यात रतांबे. एकच लाइफ. बाटली गळली, चव बसली नाही, गोव्याच्या दुकानदाराने तीन महिने पैसे थकवले, की खेळ संपला.

आता तेच तीन लाख तीन लाइफमध्ये मांडा. पहिली लाइफ चाळीस हजाराची. घरच्याच भांड्यात, परवाना रीतसर काढून, दोनशे-तीनशे बाटल्या. यात नफा बघायचाच नाही. बघायचं काय, तर बाटली दोन महिन्यांनी कशी दिसते, कोण परत मागायला येतं, आणि कोण 'छान आहे' म्हणतो पण पुन्हा घेत नाही. दुसरी लाइफ लाखाची, जे कळलं ते सुधारून. त्यात दोन-तीन दुकानदारांना उधारी देऊन बघायची आणि कोण कधी पैसे देतो ते वहीत लिहायचं. तिसरी लाइफ उरलेल्या एक लाख साठची, मशीन घ्यायचं तर ते या वेळी. रतांब्याचा सीझन वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, तेव्हा या तीन लाइफ म्हणजे तीन वर्षंही होऊ शकतात. कोणी म्हणेल फार वेळ लागतो. लागतो. नोकरी सोडायची घाई कोणी सांगितलीय?

कॉन्ट्रातलीच आणखी एक जागा सांगतो. तिसरी लेव्हल, धबधबा. तिथे खेळ उजवीकडे जात नाही, वर चढत जातो. दोघं खेळत असताना एक जण पटापट उड्या मारत वर गेला की स्क्रीन त्याच्याबरोबर वर सरकते, आणि मागे राहिलेला स्क्रीनच्या खालच्या कडेला गेला की मरतो. शत्रूने मारलेलं नसतं, पार्टनरच्या घाईने मारलेलं असतं. त्यावरून आमच्यात खरी भांडणं झालीत. नवरा-बायको मिळून धंदा करणारी कितीतरी जोडपी ट्रेनिंगला येतात. एक जण दुसरी शाखा काढायच्या गोष्टी करतो आणि दुसरा अजून पहिल्या शाखेच्या उधारीत अडकलेला असतो. मी त्यांना एवढंच विचारतो, "धबधबा खेळलायत का?" ज्यांनी खेळलाय ते एकमेकांकडे बघून हसतात.

आणि तो कोड! वर-वर-खाली-खाली-डावा-उजवा-डावा-उजवा-बी-ए. तीनच्या तीस लाइफ. मुंबईच्या भावाने सांगितलेला, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेला. तो मुळात कसा आला ते ऐकण्यासारखं आहे. काझुहिसा हाशिमोतो नावाचे कोनामीतले प्रोग्रॅमर होते. १९८६ साली 'ग्रेडियस' नावाच्या गेमची घरच्या डब्यासाठीची आवृत्ती करताना त्यांना तो तपासायचा होता आणि गेम त्यांनाच जड जात होता. म्हणून त्यांनी स्वतःसाठी ही पळवाट ठेवली. ती आतच राहिली आणि जगभर पसरली.

आपल्याकडे या कोडचं नाव आहे सबसिडी. रागावू नका, मी स्वतः लोकांना पीएमईजीपीचे अर्ज भरायला मदत करतो. पण वर्गात येणारे निम्मे लोक 'धंदा कोणता करू' याच्या आधी 'सबसिडी कशावर आहे' हे विचारतात. पीएमईजीपीत सर्वसाधारण गटाला शहरी भागात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के सबसिडी आहे. चांगली योजना आहे. पण ती रक्कम तुमच्या हातात रोख पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते आणि धंदा नीट चालू असेल तर मग कर्जात वळती होते. म्हणजे तीन वर्षं टिकायचं ते तुमच्या स्वतःच्या तीन लाइफवरच. आणि आम्हाला पोरपणी हेही कळलं होतं की तीस लाइफ घेऊन शेवटपर्यंत पोचलेला मुलगा, कोड न टाकता बसवला की दुसऱ्या लेव्हललाच गार पडायचा.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर कोणीतरी घरी जाऊन म्हणेल, 'सर म्हणाले गेम खेळून धंदा येतो.' येत नाही. गेममध्ये तिन्ही लाइफ गेल्या तर बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून, कोणाचं देणं नाही. धंद्यात 'गेम ओव्हर' झाल्यावरही हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो, आणि जामीनदार म्हणून सही केलेल्या मेहुण्यालाही फोन जातो. दुसरं म्हणजे, कॉन्ट्राचा शत्रू दर वेळी त्याच जागी उभा असतो. बाजारातला नसतो. गेल्या मे महिन्यात चाललेला माल या मे महिन्यात चालेलच असं नाही. म्हणून तर पहिल्या लाइफची रक्कम अशी ठेवा, की ती गेली तरी घरातल्या कोणाची फी थांबणार नाही.

पहिल्या स्क्रीनवर एकही सूचना नाही

सुपर मारिओ ब्रदर्स, १९८५. तयार करणारे शिगेरू मियामोतो. याच्या पहिल्या लेव्हलची सुरुवात आठवा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा. कोणी सांगितलं नाही तरी हात उजवं बटण दाबतो. थोडं पुढे प्रश्नचिन्हाची चमकणारी वीट, आणि समोरून एक तपकिरी मशरूमसारखा प्राणी चालत येतो. तो धडकला तर मेलात, पण नुकसान काय? चार पावलं मागे. पुन्हा आलात की उडी मारता. उडी मारताना डोकं विटेला लागलं तर नाणं मिळतं. पुढच्या विटेतून मशरूम येतो, तो पाइपवर आपटून उलटा तुमच्याकडेच येतो, टाळायला गेलात तरी अंगावर येण्याची शक्यता जास्त, आणि आला की मारिओ मोठा होतो! अर्ध्या मिनिटात पोराला सगळे नियम कळलेले असतात. एक अक्षर न वाचता. आमच्यापैकी कोणालाच तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, जपानी तर लांबच.

आता तुमच्या दुकानाचं पहिलं अर्धं मिनिट बघा. टुरिस्ट आत येतो. भाव लिहिलेला नाही. विचारावं तर मालक फोनवर. मसाल्याच्या पाच पुड्या एकसारख्या, कुठला माशाचा आणि कुठला मटणाचा ते फक्त मालकाला माहीत. तो माणूस दोन मिनिटं घुटमळतो आणि 'बघून येतो' म्हणून जातो तो जातोच.

हेच आपल्या चितारआळीत बघा. लाकडी खेळण्यांच्या दुकानात लहान मूल आलं की काय होतं? खालच्या फळीवर भोवरा आहे, चाकांची गाडी आहे, रंगीत फळांची टोपली आहे. मूल आंबा उचलतं, खरा वाटतो म्हणून तोंडाकडे नेतं, आई ओरडते, सगळे हसतात. विक्री तिथेच निम्मी झालेली असते. माल मुलाच्या उंचीला ठेवणं ही त्या दुकानदारांची पहिली स्क्रीन. सगळेच तसं ठेवत नाहीत. काही दुकानांत खेळणी काचेच्या कपाटात वर असतात आणि 'हात लावू नये' अशी पाटी खाली.

पत्ते करणारी कंपनी

आता मी ज्यासाठी एवढं लिहीत होतो ते. मारिओ काढणारी निन्टेंडो ही कंपनी मुळात काय करायची, माहिती आहे?

पत्ते. हाताने केलेले पत्ते. १८८९ साली क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी 'हानाफुडा' नावाचे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते करायला सुरुवात केली, तीच ही निन्टेंडो. १९५३ मध्ये त्यांनी प्लॅस्टिकचे पत्ते काढले, १९५९ मध्ये डिस्नेची चित्रं घालून पत्ते लहान मुलांपर्यंत नेले. मग पत्त्यांचा बाजार बसला. त्यांनी टॅक्सी चालवून पाहिली, झटपट शिजणारा भात काढून पाहिला. जमलं नाही.

कंपनीत गुनपेई योकोई नावाचा तरुण होता, काम पत्त्यांच्या मशीनची देखभाल. फावल्या वेळात त्याने गंमत म्हणून लांबवर जाणारा एक लाकडी-जाळीदार हात केला होता. मालकाने तो बघितला. ओरडण्याऐवजी म्हणाला, याचं खेळणं कर. १९६६ चं 'अल्ट्रा हँड'. दहा लाखांच्या वर खपलं. याच योकोईंनी पुढे आगगाडीत कंटाळलेला एक माणूस कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला पाहिला आणि कॅल्क्युलेटरच्याच स्वस्त स्क्रीनवर चालणारा खिशातला गेम काढला, १९८० साली. १९८९ मध्ये 'गेमबॉय'. तेव्हा दुसऱ्या कंपन्या रंगीत स्क्रीनचे गेम आणत होत्या आणि यांचा फिकट हिरवट, रंग नसलेला. पण स्वस्त, दणकट आणि बॅटरी बरीच जास्त टिकणारी. चालला तोच. योकोईंचं म्हणणं होतं की जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, सगळ्यांना कळलेलं तंत्र घ्या आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग करा.

आता क्योटोहून थेट आपल्या मोती तलावाच्या काठावर या. हाताने रंगवलेले पत्ते आपल्याकडेही आहेत. गंजिफा! खेळ इराणकडून आला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्याकडे त्याला दशावताराचं रूप मिळालं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, म्हणजे १२ पानं. एकूण १२० गोल पानं. चिंचोक्याची खळ, लाखेचा थर, हातची चित्रं. विसाव्या शतकात ही कला संपत आली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात चित्रकार बसवून ती जगवली. आजही राजवाड्यात गेलात तर रंगकाम बघायला मिळतं.

हा खेळ कसा आहे ऐका. खेळणारे तिघं, वाट्याला चाळीस-चाळीस पानं. हुकूम नाही. दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगाने सुरुवात, रात्री कृष्णाच्या. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाच रंगांत बरोबर उलटं. कुठलं पान गेलं, कुठलं कोणाकडे असेल, हे शेवटपर्यंत डोक्यात ठेवायचं. कॉन्ट्रा त्यापुढे सोपा म्हणायचा!

पण मित्रांनो, गंजिफा विकत घेणारा आज काय करतो? काचेच्या फ्रेममध्ये लावतो. खेळत नाही. हाताने रंगवलेल्या १२० पानांचा संच महागच असणार, तो खेळून मळवायचा कोण? मला विचाराल तर इथेच एखाद्या तरुण मुलामुलीचा धंदा पडलाय. योकोईंच्या डोक्याने बघा. छपाई आता स्वस्त आहे, सगळ्यांना कळलेली आहे. रीतसर परवानगी घेऊन, चित्रकाराला प्रत्येक संचामागे त्याचा वाटा देऊन, खेळण्यासाठी छापील संच, आत मराठीत एका पानाचे नियम, आणि नवख्यांसाठी मारिओच्या पहिल्या लेव्हलसारखा तीन-चार अवतारांचाच छोटा खेळ. हाताने रंगवलेला संच भिंतीसाठी, छापील संच चटईवर बसून खेळण्यासाठी. ज्याला खेळता येतं तोच पुढे हातचा संच घेईल. चालेल का? पहिली लाइफ लावल्याशिवाय कसं कळणार. पन्नास संच, आणि मे महिन्यातले टुरिस्ट.

मुलाच्या हातातला मोबाइल

राहिला तो पहिला प्रश्न. पोरगा मोबाइलवर खेळतो त्याचं काय?

आमच्या वेळी काकांना पाच रुपये आधी मिळायचे. नंतर आम्ही जिंकलो की हरलो याने त्यांना फरक पडत नव्हता. आज गेम फुकट असतो, म्हणजे कमाई पुढे कुठेतरी असते. रोज यावं म्हणून बक्षीस, थांबायला लागू नये म्हणून पैसे, आत काय आहे ते न कळता विकत घ्यायच्या पेट्या. मुलाला ओरडण्याऐवजी त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, "या गेमचा मालक पैसे कधी कमावतो, शोधून दाखव." मुलं हुशार असतात, दोन दिवसांत पूर्ण यादी देतील, आणि ती यादी तुम्हालाही धंद्यात उपयोगी पडेल. कुठली युक्ती वापरायची आणि कुठली वापरायला लाज वाटली पाहिजे, दोन्हीसाठी.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम मात्र या चर्चेतच घेऊ नका. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलाय. घरात कोणाच्या मोबाइलवर तसलं काही दिसलं, मुलाच्या नाहीतर मोठ्याच्याही, तर त्याच दिवशी बोला.

आणि मुलाला बनवायचीच आवड दिसली तर 'स्क्रॅच' दाखवा. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये मुलांसाठी काढलेलं, फुकट आहे. रंगीत ठोकळे जोडून स्वतःचा गेम करता येतो. त्यात सुरुवातीला लाइफ किती द्यायच्या हे पोराला स्वतःच ठरवावं लागतं, आणि एकदा ते ठरवायला बसलं की ते विचार करायला लागतं.

येत्या दिवाळीसाठी एक घरगुती प्रयोग देतो. मुलाला तीनशे रुपये द्या, पण शंभर-शंभरच्या तीन पाकिटांत. पणत्या आणून रंगवायच्या आणि आळीत विकायच्या. पहिल्या पाकिटाच्या पणत्या विकून झाल्या, नाहीतर पडून राहिल्या, की काय कळलं ते दोन ओळीत लिहायचं, मगच दुसरं पाकीट उघडायचं. तुम्ही मध्ये पडायचं नाही आणि मावशीला गुपचूप सगळ्या पणत्या घ्यायला लावायच्या नाहीत, तो तीस लाइफचा कोड झाला. हिशोबाची वही कशी आखायची ते पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर एका कोऱ्या पानावर तीन रकाने पाडून ठेवा: किती घातले, किती आले, काय कळलं.